पुरुषांची स्पर्धा म्हणजे कोणाची?

१९७६ साली तेरा वर्षांची रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धेत उतरली. त्याआधी भारतातली कुणी स्त्री त्या स्पर्धेत खेळली नव्हती. तिच्या प्रवेशावरून गदारोळ झाला, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि तिच्या बाजूने सुटले. जागतिक बुद्धिबळ महासंघाचे तेव्हाचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनीही निर्वाळा दिला की, राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय अजिंक्यपदाच्या स्पर्धांतून स्त्रियांना वगळता येणार नाही. आपल्याकडे ही हकीकत ‘पहिली महिला’ या सदराखाली दोन ओळींत आटोपते. ती सामान्यज्ञानाच्या पुस्तकात जाऊन बसली आणि तिथेच वाळली, असे मला वाटते. ‘पुरुषांच्या स्पर्धेत बायकांनी खेळावे का’ हा प्रश्न अमेरिकेत २००३ साली गोल्फच्या मैदानावर मोठ्या आवाजात विचारला गेला. त्याच्या सत्तावीस वर्षे आधी गिरगावातल्या एका मराठी घराने तो विचारला होता, आणि माझ्या मते अधिक नेमकेपणाने.

आधी शब्दाकडे पाहू. ‘पुरुषांची राष्ट्रीय स्पर्धा’ असे म्हणायचे, तर दुसरी कुणाची तरी असावी लागते. राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धा १९५५ साली एलुरूला सुरू झाली. पहिल्याच वर्षी अजिंक्यपद विभागून मिळवणाऱ्या दोघांत आपले रामचंद्र सप्रे होते. महिलांची वेगळी राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली ती १९७४ साली. मधली एकोणीस वर्षे स्पर्धा एकच होती, आणि ‘पुरुषांची’ या विशेषणाला तिथे काही कामच नव्हते. बायकांना स्वतःची खोली मिळाली, आणि मग उरलेले सगळे घर पुरुषांचे आहे, असे गृहीत धरले गेले. १९७६ च्या वादाच्या मुळाशी मला हे गृहीतक दिसते. रोहिणी पुरुषांच्या जागेत घुसली नव्हती. सर्वांच्या जागेला मधल्या दोन वर्षांत पुरुषांचे नाव पडले होते, ते तिने अमान्य केले.

महिलांची ती पहिली राष्ट्रीय स्पर्धा जिंकली रोहिणीची बहीण वासंती हिने. नंतर जयश्री, मग रोहिणी. सुमारे दहा वर्षे हे अजिंक्यपद या तीन बहिणींतच फिरत राहिले. रोहिणीने ते पाचदा मिळवले, शिवाय १९८१ आणि १९८३ साली आशियाई महिला अजिंक्यपदही. वडील नीलकंठ खाडिलकर ‘नवाकाळ’चे संपादक, आणि ‘नवाकाळ’ काढणारे नाट्याचार्य कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर हे या मुलींचे पणजोबा. वाङ्मयाच्या वाचकाला इथे थांबावेसे वाटेल, मलाही वाटले. कारण याच नाट्याचार्यांनी १९०७ च्या सुमारास ‘बायकांचे बंड’ नावाचे नाटक लिहिले होते. त्याच्या मुळाशी असलेली प्रमिलेची कथा पुराण ऐकलेल्या कुणालाही ठाऊक असते. अश्वमेधाचा घोडा स्त्रीराज्यात शिरतो, राणी प्रमिला तो अडवते, अर्जुन घोडा सोडवायला येतो, आणि शेवटी दोघांचे लग्न ठरते.

या कथेतली खोच मला शेवटात दिसते. प्रमिला आणि अर्जुन समोरासमोर उभे राहतात, आता कोण भारी हे ठरणार असे वाटते, आणि तेवढ्यात अक्षता पडतात. निकाल लागतच नाही. तो लागला असता तर कथेची पंचाईत झाली असती. अर्जुन हरला, तर तो अर्जुन राहत नाही. प्रमिला हरली, तर स्त्रीराज्याची गोष्ट सांगण्यात गंमत उरत नाही. आपल्या परंपरेने स्त्री-पुरुषांची बरोबरी कल्पनेत मान्य केली, पण गुणफलक मात्र झाकून ठेवला. पणतीने पुढे काय केले, तर फलक उघडा असलेल्या जागी जाऊन बसली. बुद्धिबळात घड्याळ असते, खेळी लिहून ठेवतात, आणि डाव संपल्यावर एक, शून्य किंवा अर्धा एवढेच उरते. अक्षतांची सोय नसते.

खाडिलकरांच्याच रंगभूमीवर याची उलटी बाजूही पाहायला मिळते. १९११ साली ‘मानापमान’ रंगभूमीवर आले तेव्हा भामिनी होते बालगंधर्व. १९१६ साली ‘स्वयंवर’ आले तेव्हा रुक्मिणीही तेच. बायकांनी लुगडे कसे नेसावे, कसे चालावे, याचा वस्तुपाठ एक पुरुष देत होता आणि घरंदाज बायका तो घेत होत्या. बालगंधर्वांच्या कलेबद्दल मला तिळमात्र शंका नाही. मुद्दा एवढाच की, पुरुष बायकांच्या प्रांतात गेला तर त्याला कला म्हणतात आणि त्याचे मोजमाप कलेच्या मापाने होते. बाई स्वतः रंगमंचावर आली, तेव्हा पहिला प्रश्न तिच्या अब्रूचा निघाला. १९३३ साली नाट्यमन्वंतरने ‘आंधळ्यांची शाळा’मध्ये ज्योत्स्नाबाई भोळे आणि पद्माबाई वर्तक यांना उभे केले, ते धाडस ठरले. स्त्रीची भूमिका स्त्रीने करणे हे धाडस! खेळातला वाद या वादाचा धाकटा भाऊ आहे. जागा कुणाची, हे आधी वहिवाटीने ठरते आणि कारणे मागाहून गोळा केली जातात.

पुन्हा युवे यांच्याकडे येतो, कारण त्यांच्या निर्णयाला एक पूर्वपीठिका आहे. हे डच गणिती १९३५ ते १९३७ या काळात विश्वविजेते होते. अ‍ॅमस्टरडॅममध्ये ते मुलींच्या शाळेत गणित शिकवत. व्हेरा मेंचिक ही १९२७ सालची पहिली महिला विश्वविजेती. ती १९२९ साली कार्ल्सबाडला दिग्गज पुरुषांच्या स्पर्धेत आली, तेव्हा अल्बर्ट बेकर या खेळाडूने थट्टा केली होती की, जो हिच्याशी हरेल त्याला ‘व्हेरा मेंचिक क्लब’चा सभासद करावे. पहिला सभासद बेकर स्वतःच झाला. पुढे हेस्टिंग्जच्या स्पर्धांत युवे तिच्याशी दोनदा हरले, आणि त्यानंतर ते जगज्जेते झाले. आपल्या पंजाबातून गेलेले मीर सुलतान खानही या क्लबात आहेत. म्हणजे १९७६ साली मुंबईच्या एका मुलीच्या बाजूने निर्णय देणारा माणूस स्त्रीकडून हरणे म्हणजे काय, हे पटावर बसून शिकला होता. त्या पराभवांनी त्याचे काही बिघडले नव्हते. मला हा पुरावा कोणत्याही तात्त्विक युक्तिवादाहून भक्कम वाटतो.

पण बुद्धिबळात शरीर आडवे येत नाही, तेव्हा तिथला न्याय सगळीकडे कसा लावणार, असे कुणी म्हणेल, आणि ते म्हणणे रास्त आहे. कुस्ती घ्या. अलीगढची हमीदा बानू १९४०-५० च्या दशकांत पुरुष मल्लांना आव्हान देत हिंडत होती. १९५४ साली बडोद्याला तिने बाबा पहिलवानाला दीड मिनिटाच्या आसपास चीत केल्याची बातमी गाजली. पुण्यात ठरलेली तिची एक कुस्ती स्थानिक कुस्तीसंघाने हरकत घेतल्यामुळे रद्द झाली. या कुस्त्या लुटुपुटीच्या असतात, अशीही तक्रार होती. ती खरी की खोटी हे आज कसे ठरवणार? ठरलेली कुस्ती रद्द केली की संशय तसाच शाबूत राहतो. हरकत घेणाऱ्यांना कदाचित तेच सोयीचे होते.

गोल्फमध्ये शरीराचा फरक यार्डांत मोजता येतो. चेंडू किती लांब जातो यावर अर्धा खेळ असतो, म्हणून बायकांचा पहिला फटका बहुधा पुढच्या खुणेवरून मारला जातो. २००३ साली स्वीडनची अ‍ॅनिका सोरेनस्टम टेक्सासमधल्या कलोनियल स्पर्धेत पुरुषांबरोबर, त्यांच्याच खुणांवरून खेळली. ७१ आणि ७४ फटके घेऊन ती चार फटक्यांनी पुढच्या फेऱ्यांना मुकली. अमेरिकेच्या त्या व्यावसायिक दौऱ्यात १९४५ नंतर खेळलेली ती पहिली स्त्री. तिने इथे यायलाच नको होते, असे विजय सिंगसारखा मोठा खेळाडू बोलून गेला. तिच्यामागे फटके कमी पडलेल्या पुरुषांना मात्र कुणी तसे विचारले नाही. ते आपापल्या नावावर हरले, ती मात्र स्त्रीजातीच्या नावावर. तिच्या चार फटक्यांवरून बायकांचा निकाल लावणारे आणि तिच्या ७१ वरून बायकांचा विजय साजरा करणारे, दोघांचा तर्क मला सारखाच कच्चा वाटतो.

त्याच वर्षीची दुसरी गोष्ट कमी गाजली, पण माझ्या विषयाला तीच अधिक उपयोगी आहे. सूझी व्हेली ही कनेक्टिकटमधली गोल्फ-शिक्षिका. तिने आपल्या विभागाची स्पर्धा जिंकून हार्टफर्डच्या व्यावसायिक स्पर्धेत जागा मिळवली. सोरेनस्टमला आयोजकांनी बोलावले होते. व्हेली पात्र ठरून आली होती. मात्र पात्रता-स्पर्धेत ती पुढच्या खुणेवरून खेळली होती, यावर आक्षेप निघाला आणि पुढे नियम बदलला: अशी जागा हवी असेल, तर सर्वांनी एकाच खुणेवरून खेळायचे. मला हा नियम योग्य वाटतो. दार उघडे हवे, आणि उंबरठा सर्वांना सारख्याच उंचीचा हवा. ज्या खेळात शरीरामुळे त्या उंबरठ्याशी पोचणाऱ्या बायका थोड्या असतील, तिथे त्या थोड्या असोत. आधीच मोजून ‘कुणीच येणार नाही’ असे म्हणत दार लावून घेण्याची गरज काय?

रत्नागिरीत राहणाऱ्याला या सगळ्याचा विचार कॅरमवाचून करता येत नाही. आमच्याकडे हा खेळ पडवीतला, मंडळातला आणि पावसाळ्यातला. आकांक्षा कदमसारखी राष्ट्रीय पातळीवर नाव काढलेली खेळाडू याच गावची. बोर्ड तोच, स्ट्रायकर तोच, राणीही तीच. यार्ड नाहीत आणि वजनगटही नाहीत. तरी एकेरीत पुरुष वेगळे, महिला वेगळ्या. शरीराचे कारण इथे लागू पडत नाही, तेव्हा दुसरे शोधावे लागते. ते सापडते मंडळाच्या खोलीत रात्री अकरा वाजता, जेव्हा तिथे मुलगे खेळत असतात आणि मुली घरी असतात. हजारो डावांच्या सरावातला हा फरक आहे. वेगळा महिला गट तो मान्य करतो आणि काही अंशी भरूनही काढतो. म्हणून तो गट रद्द करा असे मी म्हणणार नाही.

ज्युडिट पोल्गरचे मत याच्या विरुद्ध आहे. रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली त्याच वर्षी, १९७६ साली, बुडापेस्टमध्ये ज्युडिट जन्मली. तीही तीन बुद्धिबळपटू बहिणींतलीच. पंधराव्या वर्षी ती ग्रँडमास्टर झाली, पुढे जगातल्या पहिल्या दहांत गेली, २००२ साली तिने एका जलद डावात कास्पारोव्हला हरवले. महिलांच्या विश्वविजेतेपदासाठी ती कधी खेळलीच नाही. बायकांचे वेगळे किताब मुलींच्या महत्त्वाकांक्षेला खुजे करतात, असे तिचे म्हणणे. तिच्याइतका अधिकार माझ्यापाशी नाही, पण तिच्या वाट्याला आलेले घरही सगळ्या मुलींना मिळत नाही. आईवडिलांनी शाळेऐवजी घरीच शिकवायचे ठरवले आणि दिवसाचे तास पटाला दिले. गिरगावातल्या उदाहरणात क्रम वेगळा दिसतो: १९७४ साली महिलांची स्पर्धा आली आणि १९७६ साली त्याच घरातली मुलगी मोठ्या दाराशी उभी होती. शिडी होती म्हणून दारापर्यंत पोचता आले.

दिव्या देशमुखचे ताजे उदाहरणही हेच सांगते. नागपूरच्या या मुलीने जुलै २०२५ मध्ये बातुमीला महिलांचा विश्वचषक जिंकला, अंतिम फेरीत कोनेरू हम्पीला हरवले आणि त्या विजयानेच ती ग्रँडमास्टर झाली. त्यानंतर समरकंदच्या ग्रँड स्विसमध्ये ती महिला गट सोडून खुल्या गटात खेळली आणि विश्वविजेत्या गुकेशशी तिने बरोबरी साधली. वैशाली रमेशबाबूने त्याच वेळी महिला गट जिंकून पुढची पायरी गाठली. दोघींचे निर्णय मला सारखेच शहाणपणाचे वाटतात. त्यानंतर गोव्यातल्या विश्वचषकात दिव्या पुन्हा खुल्या स्पर्धेत उतरली आणि पहिल्याच फेरीत बाहेर पडली, जसे त्या फेरीत कितीतरी पुरुषही पडले.

इथे मला एक गोष्ट खटकते. या दोन्ही ठिकाणी दिव्याचा प्रवेश ‘वाइल्ड कार्ड’ने, म्हणजे आयोजकांच्या मर्जीने झाला. रोहिणीचा प्रवेश मर्जीवर नव्हता. मर्जी उलट होती, म्हणून तर न्यायालय गाठावे लागले. आमंत्रण देणाऱ्याला पुढच्या वर्षी ते न देण्याचीही मुभा असते, आणि आलेल्या पाहुणीने हरल्यावर आभार मानावेत अशी अपेक्षाही. पन्नास वर्षांपूर्वी हक्क म्हणून जे मिळवले, ते आज कौतुक म्हणून वाटले जावे, याला प्रगती म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पैशाचाही हिशेब आहे. २०२५ च्या महिला विश्वचषकात पहिले बक्षीस ५०,००० डॉलर होते, खुल्या विश्वचषकात १,२०,०००. खालच्या पायरीवर बक्षीस नक्की मिळेल आणि वरच्या पायरीवर पहिल्याच फेरीत घरी जावे लागेल, असा सौदा मुलीसमोर असतो. तो हिशेब करून तिने महिला गट निवडला, तर तिला भित्री म्हणण्याचा अधिकार प्रेक्षकांत बसलेल्या कुणालाही नाही.

आमच्याकडे गावोगावी होणाऱ्या बुद्धिबळ स्पर्धांची पत्रके पाहावीत. वर ‘खुला गट’ असे लिहिलेले असते. युवे यांचा निर्णय त्या दोन शब्दांत आला आहे. खाली ‘उत्कृष्ट महिला खेळाडू’ असे वेगळे बक्षीस असते, आणि बहुधा तळाशी बारीक अक्षरांत एक अट: एका खेळाडूस एकच बक्षीस, दोन्हींपैकी मोठे असेल ते. चांगल्या क्रमांकावर आलेली मुलगी त्या अटीप्रमाणे खुल्या गटाचे पाकीट उचलते, आणि ‘उत्कृष्ट महिला’ हे बक्षीस तिच्या मागे असलेल्या मुलीला जाते. ज्यांनी ही अट घातली, त्यांनी पाकिटे वाचवण्यासाठी घातली असेल. तिच्यामुळे एका संध्याकाळी दोन मुली बक्षीस घेऊन घरी जातात, एक सर्वांमध्ये खेळून आणि दुसरी मुलींमध्ये पहिली ठरून.