माल्कमसाहेबाच्या मुलाखती आणि महेश्वरचे कागद

अहिल्याबाईंवर आपल्याकडे जे काही बोललं जातं, व्याख्यानात असो की शाळेच्या भाषणात, त्यातलं बरंचसं फिरून फिरून एकाच पुस्तकापाशी जातं. सर जॉन माल्कमचं माळव्यावरचं दोन खंडांचं पुस्तक, 1823 चं. मंडळींनी ते जरूर वाचावं. पण ते ज्या रीतीनं जमवलं, त्याबद्दल आपण फार कमी बोलतो, म्हणून हा लेखप्रपंच.

बाई गेल्या 1795 साली. माल्कम माळव्याचा कारभार पाहू लागला 1818 मध्ये. म्हणजे मध्ये दोन तपं गेलेली. त्यानं त्या काळचे वृद्ध कारभारी, होळकरांचे आश्रित, पंडित यांना विचारून विचारून माहिती काढली. आजच्या भाषेत या मागाहून घेतलेल्या मुलाखतीच. काही ठिकाणी तळटिपेत तो माहिती कुणाकडून मिळाली तेही सांगतो. आपल्यातले कितीजण एवढं करतात?

पण विचारणारा कोण होता, हे विसरून चालणार नाही. 21 डिसेंबर 1817 ला महिदपुराशी, आपल्याच क्षिप्रेच्या काठी, होळकरांची फौज मोडणाऱ्यांत हाच माल्कम पुढे होता. पुढच्याच महिन्यात मंदसौरचा तह झाला. अशा माणसासमोर बसलेला म्हातारा कारभारी काय सांगेल आणि काय गिळून टाकेल? खोटं सांगेल असं मी म्हणत नाही. पण मधल्या काळात काय काय झालं ते बघा. 1801 मध्ये उज्जैनशी यशवंतरावांनी शिंद्यांची फौज लुटली, त्याच वर्षी सर्जेराव घाटग्यांनी इंदूर लुटलं, पुढे पेंढारी. माळव्यात लोक या काळाला ‘गर्दी का वक्त’ म्हणत. त्यातून तावून निघालेल्या माणसाला आधीचा काळ रामराज्यच वाटणार.

मालेरावांची गोष्ट घ्या. त्यांनी एका कशिदेकाराला मारलं, त्याचं भूत त्यांच्या अंगात आलं, आणि अहिल्याबाई मुलाच्या उशाशी बसून त्या भुताची मनधरणी करत राहिल्या, असं माल्कम लिहितो. मालेराव वारले 1767 मध्ये, म्हणजे माल्कमच्या आधी पन्नास वर्षं. मालेरावांना काय आजार होता, हे या गोष्टीवरून कळत नाही. लोकांनी बाईंचं दुःख कसं समजून घेतलं, ते मात्र नेमकं कळतं. मला ते कमी मोलाचं वाटत नाही.

आता कागद. पारसनिसांनी छापलेली महेश्वर दरबारची बातमीपत्रं वाचायला घेतली की वेगळ्याच बाई समोर येतात. तुकोजींच्या स्वाऱ्यांचा खर्च, महादजींशी देणंघेणं, पुण्याचा दबाव. पैशाला घट्ट, राजकारणात मुरलेल्या. माल्कमच्या म्हाताऱ्यांना दानधर्म आठवला, हिशेब आठवला नाही. मात्र बातमीपत्र लिहिणाराही कुणाचा तरी नोकर असतो. पुण्याला जे ऐकायचं तेच तो आधी लिहितो. ‘कागद आहे’ म्हणून वाद संपला, असं आपल्याकडे सर्रास होतं, ते चूक आहे.

आमच्या घरचंच सांगतो. आजी म्हणायची, आपण महादजींबरोबर आलो. रामघाटावर पंड्यांच्या वहीत पाहिलं, तर घराण्याची पहिली नोंद महादजींनंतर दोन पिढ्यांनी! मी लगेच आजीला खोटं पाडून मोकळा झालो होतो. पंडाजी हसले. म्हणाले, “वहीत नाव कधी चढतं? घरात मृत्यू झाला, श्राद्धाला घाटावर आलात, तेव्हा. आणि नावं कोण सांगतं? तुमचेच आजोबा-पणजोबा तोंडी सांगतात, आम्ही उतरवतो.” म्हणजे वहीसुद्धा ऐकलेलंच, फक्त लवकर उतरवलेलं. आजी बरोबर होती की नाही, ते अजून ठरलेलं नाही.

आपल्या मंडळात सध्या जुन्या माणसांच्या मुलाखती नोंदवणं चालू आहे. त्यात बोलणाऱ्याचं नाव असतं, पण प्रश्न काय विचारला ते लिहिलेलं नसतं, खोलीत आणखी कोण बसलं होतं तेही नसतं. सून शेजारी असली की सासूची आठवण बदलते, हे काय मी सांगायला हवं? पुढच्या बैठकीआधी निदान झालेल्या मुलाखतींत तरी प्रश्न लिहून काढू. विचारणारे अजून आपल्यातच आहेत, त्यांना आठवतंय तोवर.