निसटलेल्या रात्रीचं पुस्तक

ओहायोतल्या डेल्फॉस गावच्या लेस्ली पेल्टिअरनं लहानपणी स्ट्रॉबेरी वेचून पहिल्या दुर्बिणीचे पैसे जमवले, पुढे १२ धूमकेतू शोधले. 'स्टारलाइट नाइट्स' (१९६५) या त्याच्या आत्मकथनाची ओळख सहसा अशीच करून दिली जाते. मला मात्र त्यातली हुकलेली रात्र मोठी वाटते.

टी कोरोनी बोरिआलिस हा तारा १८६६मध्ये अचानक उजळला होता. तो पुन्हा उजळेल म्हणून पेल्टिअर पंचवीसेक वर्षं त्याच्यावर नजर ठेवून होता. फेब्रुवारी १९४६मध्ये एका पहाटे गजर लावून उठला, सर्दीची कणकण जाणवली, परत झोपला. तारा नेमका तेव्हाच उजळला.

हे सांगताना तो रडगाणं गात नाही, तात्पर्यही काढत नाही. रुसवा धरलेल्या मित्राबद्दल बोलावं तसं ताऱ्याबद्दल बोलतो. शेतावरच्या बालपणाची प्रकरणं मला जरा जास्तच गोड वाटली. इथे तो गोडवा नाही.

माझी दुर्बीण दोन वर्षं कपाटावर पडून आहे, कारण दर वेळी 'काय दिसलं?' एवढंच मी मोजत आलो. पेल्टिअरचा त्या ताऱ्याशी जिव्हाळा उरला नाही. तरी त्याच्यावर नजर ठेवणं त्यानं सोडलं नाही.