‘उंदीर पडला’ : पुण्याच्या प्लेगविषयक लेखनाची भाषिक चिकित्सा

पुण्याची मंडई 1886 मध्ये गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने उभी राहिली. नगरपालिकेत असताना तिच्या खर्चास विरोध करणाऱ्या जोतीराव फुले यांचेच नाव पुढे तिला मिळाले. त्यांच्या पत्नी सावित्रीबाई रुग्णसेवा करीत असता 10 मार्च 1897 रोजी प्लेगने निवर्तल्या. धान्य, भाजी, माणूस व उंदीर यांचा नित्य सहवास असलेल्या या शहराने त्या साथीची आठवण कोणत्या शब्दांत जतन केली, हा प्रश्न म्हणूनच विचारार्ह आहे.

पुण्याच्या प्लेगविषयी मराठीत जे लेखन झाले, त्यातील बहुतांश वाक्यांचा कर्ता मनुष्य आहे. सोल्जर घरांत शिरतात, रँड हुकूम सोडतो, चापेकर गोळी झाडतात. 1979 च्या चित्रपटाचे तर ‘22 जून 1897’ हे नावच गणेशखिंडीतील प्रसंगाची तारीख होय. हा रोष अनाठायी होता असे कोणी म्हणणार नाही. घरझडतीचा जुलूम खराच होता. तथापि या कथनात रोग हा केवळ जुलुमाचे निमित्त ठरतो आणि उंदीर जवळजवळ अदृश्य होतो. आल्बेर काम्यूची 1947 मधील प्लेगविषयक कादंबरी मेलेल्या उंदरापासून सुरू होते, हा भेद लक्षणीय आहे.

रोगाच्या नावांतही हीच उणीव दिसते. पंडिती ‘ग्रंथिक सन्निपात’ आणि घरगुती ‘गाठीचा ताप’ ही दोन्ही नावे रोग्याच्या देहावरच थांबतात. ‘प्लेग’ हा शब्द सरकारी दप्तरातून आला. उंदराची नोंद ठेवली ती फक्त बोलीने. ‘उंदीर पडला’ एवढे दोन शब्द ऐकताच लोक घर सोडून माळावर झोपड्या बांधीत.

या प्रयोगातील क्रियापद बारकाईने पाहण्याजोगे आहे. मराठीत दुष्काळ पडतो, धाड पडते, पिकावर कीड पडते. या सर्व ठिकाणी पडणारी वस्तू हीच आपत्ती असते. ‘उंदीर पडला’ येथे मात्र पडणारा स्वतःच आपत्तीचा पहिला बळी आहे. उपद्रव सांगायचा असता मराठी माणूस ‘घरात उंदीर फार झाले’ असे म्हणतो. ‘होणे’ व ‘पडणे’ या दोन क्रियापदांत उपद्रव आणि रोग यांचा भेद बोलीने अचूक राखला आहे.

शास्त्र येथवर उशिरा पोहोचले. यर्सिनने 1894 मध्ये हाँगकाँगला रोगजंतू शोधला. सिमाँने 1898 मध्ये कराचीत पिसवेचा दुवा दाखविला, आणि तो सर्वमान्य होण्यास आणखी काही वर्षे गेली. उंदीर मरून थंड पडला की पिसवा त्याला सोडून माणसाकडे वळतात. म्हणजे 1897 मध्ये प्लेग कमिटी माणसे हुडकीत असता लोकभाषा योग्य प्राण्याकडे बोट दाखवीत होती. कारण तिलाही ठाऊक नव्हते. क्रम मात्र ठाऊक होता.

म्हणून या लेखनावरील मुख्य आक्षेप असा की त्याने अन्यायाची साक्ष जपली, निरीक्षणाची साक्ष गमावली. ज्या इतिहासात उंदीर नाही, त्यात रोगाचा दोष अखेर कोणत्या तरी माणसाच्याच माथी येतो : कधी अधिकाऱ्याच्या, कधी दरिद्री वस्तीच्या. पुण्याच्या प्लेगचा पुढील अभ्यासक अग्रलेखांइतकेच या दोन शब्दांना पुराव्याचे स्थान देईल, तर ही उणीव भरून निघेल.