शब्द उशिरा का येतात? टाइमकोड रीडरच्या निमित्ताने

सबटायटल्सवर आपण मराठी लोक टीका करतो ती बहुतेक वेळा भाषांतरावर. अमुक म्हणीची वाट लावली, तमुक शिवी सोवळ्यात गुंडाळली, 'अगं बाई'चं काय करून ठेवलंय बघ! वेळेवर मात्र कोणी बोलत नाही. ओळ अर्धा सेकंद उशिरा आली तर 'काहीतरी गंडलंय' म्हणून आपण पुढे बघत राहतो. ज्याला नीट ऐकू येतं आणि मराठी चांगलं कळतं, त्याला हे परवडतं. पण ज्याला ऐकू येत नाही, किंवा जी मुलगी न्यू जर्सीत नाहीतर लेस्टरमध्ये वाढली आणि मराठी नाटक निम्मं कानांनी, निम्मं अक्षरांनी समजून घेते, त्यांचं काय? ओळ कोणाच्या तोंडची आहे आणि कशाला उत्तर म्हणून आली आहे, हे त्यांना ती कधी दिसली यावरूनच कळतं.

म्हणून या वेळी समीक्षेसाठी घेतलेला मजकूर जरा विचित्र आहे: कॅप्शनिंग सॉफ्टवेअरला जोडलेला टाइमकोड रीडर चालेनासा झाला तर काय करायचं, याच्या सूचना. केबल तपासा, पोर्ट बदला, ड्रायव्हर पुन्हा टाका, आकडे हलायला लागले की काम झालं. या सूचना निरुपयोगी नाहीत. पण त्या पेटीसाठी लिहिलेल्या असतात, प्रेक्षकासाठी नाही. आकडे हलणं आणि शब्द वेळेवर येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सगळा घोळ या दोन्हींच्या मधल्या जागेत होतो.

पेटी नेमकं काय वाचते

व्हिडिओच्या प्रत्येक चित्राला, म्हणजे फ्रेमला, एक नंबर असतो: तास, मिनिट, सेकंद, फ्रेम. हा एसएमपीटीई टाइमकोड. टेपवर तो मुख्यतः दोन प्रकारे साठवतात. एलटीसी हा चक्क आवाजासारखा सिग्नल असतो, दर फ्रेमला ८० बिट. व्हीआयटीसी चित्राच्या वरच्या, पडद्यावर न दिसणाऱ्या रेघांमध्ये दडवलेला असतो. रीडर यातला एक किंवा दोन्ही वाचतो आणि आकडा सॉफ्टवेअरला देतो. तिसरा मार्ग म्हणजे डेकलाच विचारणं. सोनीच्या नऊ पिनांच्या आरएस-४२२ जोडणीवरून सॉफ्टवेअर सारखं विचारत राहतं, 'आता कुठे आहेस?' आणि डेक उत्तर देतो.

आता गंमत बघा. एलटीसी टेप चालू असतानाच वाचता येतो, कारण टेप थांबली की आवाज थांबतो. व्हीआयटीसी उलट: थांबलेल्या चित्रावर तो छान वाचता येतो, पण टेप वेगाने पळवली की हरवतो. कॅप्शन करणारा माणूस दिवसभर हेच करत असतो. चालवायचं, थांबवायचं, दोन फ्रेम मागे, एक पुढे, इथे ओळ सुरू. म्हणून बरेच रीडर आपोआप एकावरून दुसऱ्यावर उडी मारतात. टेप कधीतरी डब केलेली असेल आणि तिच्यावरचे दोन टाइमकोड जुळत नसतील, तर चालू असताना एक आकडा आणि थांबवल्यावर भलताच, असं होतं. सूचना म्हणतात, केबल सैल असेल. केबल बिचारी ठीक असते. रीडर दोन्ही वेळा खरंच बोलतोय, फक्त दोन वेगवेगळी खरी उत्तरं देतोय.

डेकचंही तसंच. टेपवरचा टाइमकोड वाचता आला नाही की काही डेक टेप किती सरकली हे मोजून अंदाजाने आकडा देतात, नाहीतर साधा काउंटर सांगतात, जो बटण दाबलं की शून्यावर येतो. उत्तर कुठल्या प्रकारचं आहे, हेही डेक त्याच संदेशात कळवत असतो. ते पडद्यावर दाखवायचं की नाही हे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याच्या हातात. माझ्या मते यंत्रापेक्षा इथेच जास्त टीका व्हायला हवी. अंदाज आणि वाचन एकाच ठळक अक्षरात दाखवणं हा वापरणाऱ्याचा विश्वासघात आहे.

खऱ्या हार्डवेअरच्या तक्रारीही असतात, त्या पटकन सांगून टाकते. एलटीसीचा आवाज फार बारीक किंवा फार मोठा असणं. कॉम्प्युटरच्या साउंड इनपुटमधून तो घेताना 'नॉइज कमी करा'सारखी सोय चालू राहणं (मशीनच्या दृष्टीने टाइमकोड हाच नॉइज!). आरएस-४२२ची केबल कन्व्हर्टरशिवाय आरएस-२३२ पोर्टला लावणं. डेक 'रिमोट'ऐवजी 'लोकल'वर असणं. यूएसबी अडॅप्टर दुसऱ्या भोकात घातल्यावर पोर्टचा नंबर बदलणं. एक गैरसमजही काढून टाकू: एलटीसीच्या दोन वायरी उलट लागल्या म्हणून तो वाचता येत नाही असं नाही. त्याची रचनाच अशी आहे की सिग्नल उलटा झाला तरी फरक पडत नाही. दर फ्रेमच्या शेवटच्या १६ बिटांवरून टेप पुढे जातेय की मागे, हेही रीडरला कळतं. वायरी उलटसुलट करण्यात घालवलेली दुपार फुकट.

चुकीला आकार असतो

डॉक्टर नाडी बघण्याआधी विचारतो, ताप कधी येतो? रोज की एकाआड एक दिवस? कॅप्शनच्या चुकीलाही हे विचारायला हवं, कारण तिच्या आकारावरूनच तिचं घर सापडतं.

चूक सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखीच असेल, तर ती सुरुवातीच्या आकड्याची. अमेरिकेत कार्यक्रम सहसा ०१:००:००:०० पासून सुरू धरतात, ब्रिटिश टेलिव्हिजनमध्ये १०:००:००:०० पासून. एका ठिकाणची फाइल दुसऱ्या ठिकाणी नेली की बरोबर नऊ तासांचा फरक पडतो, आणि सॉफ्टवेअर 'एकही ओळ सापडली नाही' म्हणतं. पेटी उघडायची गरजच नाही.

चूक हळूहळू वाढत असेल, तर ती गतीची. इथे अमेरिकन टेलिव्हिजनचा एक जुना वारसा समजून घ्यावा लागतो. १९५३ मध्ये रंगीत प्रक्षेपणाचा दर्जा ठरवताना रंगाचा सिग्नल आवाजाच्या सिग्नलमध्ये लुडबूड करू नये म्हणून सेकंदाला ३० फ्रेमचा वेग किंचित कमी केला: साधारण २९.९७. पण नंबर द्यायचे तर सेकंदाला ३०च द्यावे लागतात, ०.९७ फ्रेम कशी मोजणार? त्यामुळे साध्या मोजणीत तासाला १०८ फ्रेमचा, म्हणजे ३.६ सेकंदांचा फरक पडतो. त्यावर उपाय म्हणजे 'ड्रॉप फ्रेम': दर मिनिटाला पहिले दोन नंबर गाळायचे, फक्त दर दहाव्या मिनिटाला गाळायचे नाहीत. चित्रं गाळली जात नाहीत, नुसते नंबर. आपल्या पंचांगात क्षयतिथी असते ना, तसंच. दिवस कुठेही जात नाही, तिथीचं नाव तेवढं गळतं.

फाइल ड्रॉप फ्रेमने केलेली आणि चालवणाऱ्याने ती साधी समजली, तर तासाभराच्या नाटकात शेवटची ओळ साडेतीन सेकंदांहून जास्त उशिरा येते. पहिल्या पाच मिनिटांत हे जाणवतही नाही. म्हणून सूचनांमधली 'सुरुवातीला जुळतंय ना बघा' ही चाचणी फसवी आहे. सुरुवात सगळ्यांचीच जुळते.

भारत आणि ब्रिटन यांची पाल पद्धत सेकंदाला बरोबर २५ फ्रेमची, म्हणून ड्रॉप फ्रेमची भानगड तिकडे नाही. पण २४ फ्रेमने चित्रित झालेला सिनेमा पाल टेपवर उतरवताना बऱ्याचदा सरळ २५ने पळवतात. तासाचा सिनेमा ५७ मिनिटं ३६ सेकंदांत संपतो. २४च्या वेळेने केलेली शेवटची ओळ चित्र संपल्यावर दोन मिनिटं चोवीस सेकंदांनी येणार! याला कुठली केबल पुरी पडणार?

आणि चूक मधेच उडी मारत असेल, तर टेपवरचा टाइमकोड तिथे तुटलाय: रेकॉर्डिंग थांबवून पुन्हा सुरू केलेलं, किंवा दोन प्रवेश वेगवेगळ्या टेपवरून जोडलेले. फक्त चौथा प्रकार, म्हणजे आकडे वेडेवाकडे नाचणं, मधेच गोठणं, हा खरोखर पेटीचा, सिग्नलचा किंवा केबलचा. सूचनांची सगळी पानं या चौथ्या प्रकारावर खर्च होतात, आणि पहिल्या तिघांना 'इतर' या सदरात एक ओळ मिळते.

आपल्या टेपांचा प्रश्न

हे सगळं आपल्याला का लागू होतं? परदेशातल्या मराठी मंडळांच्या आणि घरांच्या कपाटांत व्हीएचएस कॅसेटी आहेत. भारतातून आणलेल्या पाल टेप, इकडे अमेरिकेत मंडळाच्या गणेशोत्सवात रेकॉर्ड केलेल्या एनटीएससी टेप, आणि पालवरून एनटीएससीवर करून घेतलेल्या नकला. २०१६ मध्ये फनाई या जपानी कंपनीने व्हीसीआर बनवणं थांबवलं. २०१९ मध्ये युनेस्कोच्या एका कार्यक्रमाने आणि दृक्‌-श्राव्य संग्रहांच्या आयएएसए या आंतरराष्ट्रीय संघटनेने 'मॅग्नेटिक टेप अलर्ट' प्रकल्प काढला. त्याचा इशारा होता की मशीन आणि ती दुरुस्त करणारे हात इतक्या वेगाने संपतायत की साधारण २०२५ नंतर टेपवरचं बरंचसं वाचवता येणार नाही. ते वर्ष आलंसुद्धा.

घरगुती व्हीएचएसवर सहसा टाइमकोड नसतोच, असतो तो काउंटर. म्हणजे रीडरला वाचायला काहीच नाही, आणि 'सिग्नल नाही' हा बिघाड नसून खरी माहिती आहे. अशा टेपवर आधी डिजिटल प्रत करावी, तिलाच एकदा कायमचा टाइमकोड द्यावा, आणि मग कॅप्शन करावं. व्यावसायिक टेप असेल तर आणखी एक सावधगिरी: डिजिटायझेशन करताना बहुतेक वेळा फक्त दिसणारं चित्र घेतात. वरच्या न दिसणाऱ्या रेघा गेल्या की व्हीआयटीसी गेला, आणि अमेरिकन टेपवर २१व्या रेघेत जुनी कॅप्शन असतील तर तीही गेली. चित्र नव्यासारखं लख्ख दिसतं आणि अक्षरं कचऱ्यात.

ती २१वी रेघ आपल्यासाठी तशीही परकीच होती. तिच्यात लॅटिन लिपीच मावायची. युरोपातल्या ईबीयू एसटीएल या फाइलप्रकाराने लॅटिनबरोबर सिरिलिक, अरबी, ग्रीक आणि हिब्रूची सोय केली, देवनागरीची नाही. सेकंदाच्या पंचविसाव्या भागापर्यंत वेळ नोंदवायला जागा, पण 'ळ' लिहायला नाही. आज वेबव्हीटीटीसारखे प्रकार यूटीएफ-८वर चालतात, म्हणून मराठी संवादाला मराठीतच कॅप्शन देता येतं. ते करायला आता तांत्रिक अडथळा राहिलेला नाही, आळस राहिलाय.

वेळ हाही अर्थ

समजा सगळं जुळलं. आकडा बरोबर, गती बरोबर. मग कॅप्शन चांगलं झालं का? अमेरिकेच्या एफसीसीने २०१४ मध्ये टेलिव्हिजनवरच्या कॅप्शनच्या दर्जाचे चार निकष ठरवले: अचूकता, वेळेचा मेळ, पूर्णता आणि पडद्यावरची जागा. यातला दुसरा निकष मराठीत फारच नाजूक होतो, कारण आपलं क्रियापद आणि आपला नकार वाक्याच्या शेवटी येतो.

नट म्हणतो, 'मी तुझ्या लग्नाला येणार...' आणि थांबतो. समोरची खुलते. मग तो म्हणतो, 'नाही.' सगळं नाट्य त्या थांबण्यात आहे. इंग्रजी सबटायटलमध्ये नकार आधी येतो, त्यामुळे वाचणाऱ्याला तो थांबण्याआधीच कळतो. मराठी कॅप्शनमध्येही पूर्ण वाक्य एकदम टाकलं तर तेच. इथे ओळ फोडायला हवी आणि 'नाही' नेमक्या फ्रेमवर आणायला हवा. ती फ्रेम कुठली, हे कुठलाही रीडर सांगत नाही. पण रीडर भरवशाचा नसेल, तर हा निर्णय घेण्यात अर्थ उरत नाही, कारण काळजीपूर्वक ठेवलेला अर्ध्या सेकंदाचा श्वास साडेतीन सेकंदांच्या घसरणीत वाहून जातो. यंत्राची चूक आणि रसिकतेची चूक पडद्यावर सारखीच दिसतात. त्या वेगळ्या करणं हे समीक्षेचं काम आहे.

म्हणून माझी मागणी दोन्हीकडे आहे. सूचना लिहिणाऱ्यांनी पहिल्याच पायरीवर तीन ठिकाणं तपासायला सांगावीत: सुरुवात, मध्य, शेवट. नाटकाच्या टेपवर हे सोपं आहे. तिसरी घंटा, मध्यंतराआधीची शेवटची टाळी, आणि पडदा पडतानाचं वाक्य. तिन्ही ठिकाणी किती फ्रेमचा फरक आहे ते कागदावर लिहा. तिन्ही आकडे सारखे असतील तर सुरुवातीचा आकडा बदला, वाढत असतील तर गती तपासा, मधेच उडी असेल तर टेपवर तुटलेली जागा शोधा. यातलं काहीच नसेल, तरच स्क्रू ड्रायव्हर हातात घ्या.

आणि आपण प्रेक्षकांनी 'सबटायटल्स वाईट होती' एवढं म्हणून थांबू नये. कुठे वाईट, किती वाईट, उशिरा की लवकर, सगळीकडे की शेवटाकडे, हे सांगावं. पुढच्या वेळी मंडळाच्या जुन्या नाटकाचा व्हिडिओ कोणी पाठवला, तर भाषांतरावर तुटून पडण्याआधी शेवटची दहा मिनिटं लावून बघा. तिथे शब्द अजून माणसांच्या तोंडाबरोबर चालत असतील, तर कोणीतरी मन लावून काम केलंय, आणि त्याला तेही कळवायला हरकत नाही.