माहिती, आधार आणि साक्ष : ऑड्री लॉर्ड यांचे कर्करोगविषयक लेखन

अमेरिकन कृष्णवर्णीय कवयित्री ऑड्री लॉर्ड यांचे 'द कॅन्सर जर्नल्स' हे छोटेखानी पुस्तक १९८० साली प्रसिद्ध झाले. १९७८ साली स्तनाच्या कर्करोगामुळे त्यांचा एक स्तन शस्त्रक्रियेने काढावा लागला होता. प्रास्ताविक, १९७७ सालचे एक भाषण, दोन दीर्घ लेख आणि त्यांत मधूनमधून येणाऱ्या रोजनिशीतील नोंदी अशी या पुस्तकाची घडण आहे. मौनाचा भंग करणारे आत्मपर लेखन म्हणून स्त्रीवादी समीक्षेने त्याचा गौरव केला. या वाचनात तथ्य आहे. परंतु त्यामुळे पुस्तकातील एक वाद झाकला जातो. आजारी स्त्रीला द्यावयाची 'माहिती' कोणती आणि ती ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा तो वाद होय.

त्या काळाची पार्श्वभूमी येथे ध्यानात घेतली पाहिजे. १९७०च्या दशकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत गाठीची तपासणी आणि स्तनोच्छेदन एकाच भुलीखाली उरकण्याचा प्रघात होता. भूल उतरल्यावर आपला स्तन आहे की नाही, यावरूनच स्त्रीला आपले निदान कळे. रोझ कुश्नर या पत्रकार स्त्रीने १९७४ साली ही पद्धत स्वतःपुरती नाकारली आणि १९७५ साली त्यावर शोधपर पुस्तक लिहिले. १९७९ साली शासकीय आरोग्यसंस्थेने भरविलेल्या तज्ज्ञमंडळानेही तपासणी व शस्त्रक्रिया वेगळ्या ठेवाव्यात असा निर्वाळा दिला. त्या मंडळात कुश्नर स्वतः होत्या. स्वानुभव हा पुरावा ठरू शकतो, हे त्यांच्या लेखनाने दाखवून दिले.

सूझन साँटॅग यांनी नेमका उलटा मार्ग पत्करला. त्यांना १९७५ साली हाच आजार झाला होता. तरीही 'इलनेस अ‍ॅज मेटफर' (१९७८) या ग्रंथात त्याचा उच्चारही नाही. आणखी एक आत्मकथा सांगण्यापेक्षा विचार मांडणे रुग्णांना अधिक उपयोगी पडेल, अशी आपली धारणा होती, असे त्यांनी १९८९ साली स्पष्ट केले. आजारावर लादलेली रूपके दूर झाली की रुग्ण योग्य उपचाराकडे वळेल, हा त्यामागील विश्वास. ('भ्रष्टाचाराचा कर्करोग' हा शब्दप्रयोग सर्रास करणाऱ्या मराठी अग्रलेखकारांनी तो ग्रंथ अवश्य वाचावा.) परंतु रूपके गळून पडल्यावर जे शरीर उरते ते कोणाचे, हा प्रश्न साँटॅग यांच्या कक्षेबाहेर राहतो. लॉर्ड तेथूनच आरंभ करतात.

शस्त्रक्रियेनंतर 'रीच टु रिकव्हरी' या उपक्रमाची एक स्वयंसेविका लॉर्ड यांना रुग्णालयात भेटते. ती स्वतः या आजारातून गेलेली आहे, प्रेमळ आहे, आणि तिने लोकरीचा एक फिकट गुलाबी कृत्रिम स्तन आणला आहे. तिच्या बोलण्याचे सार असे की, पूर्वीसारखेच दिसता येते, कोणाला कळणारही नाही. लॉर्ड तो लावून पाहतात. तो छातीवर वाकडा, निर्जीव बसतो. शिवाय त्याचा रंग त्यांच्या कातडीचा नाही. या एका तपशिलात पुस्तकाचे सारे प्रतिपादन साठलेले आहे. ज्या वस्तूने सांत्वन करावयाचे तिने आपली स्त्री आधीच गृहीत धरली आहे : ती गोरी आहे आणि पुरुषाच्या नजरेची तिला चिंता आहे. काळ्या, समलिंगी स्त्रीच्या प्रश्नांना त्या संवादात जागाच नाही. पुढे टाके काढण्यासाठी दवाखान्यात गेल्यावर, कृत्रिम स्तन न लावल्याने तेथील मनोधैर्य खचते, असे परिचारिका त्यांना सुनावते. इस्राएलचे मोशे दायान डोळ्यावर पट्टी बांधून वावरतात, त्यांना काचेचा डोळा बसवा असे कोणी सांगत नाही, हा लॉर्ड यांचा युक्तिवाद उपरोधिक आहे तितकाच बिनतोडही आहे.

येथे एक गोष्ट लॉर्ड यांच्या बाजूने वाचणाऱ्याने विसरू नये. हा उपक्रम टेरीज लॅसर या स्त्रीने १९५२ सालच्या आपल्या शस्त्रक्रियेनंतर, डॉक्टरांचा विरोध पत्करून उभा केला. एका रुग्ण स्त्रीने दुसरीच्या खाटेशी जाऊन बसणे हेच त्या काळी बंड होते. १९६९ साली तो अमेरिकन कॅन्सर सोसायटीत सामावला गेला. बंडाचा परिपाठ झाला की त्याची भाषा कशी साचेबंद होते, याचा लॉर्ड यांचे पुस्तक हा दस्तऐवज आहे; स्वयंसेविकेवरील आरोपपत्र म्हणून ते वाचणे अन्यायाचे ठरेल.

मराठी वाचकाला हा साचा परका नाही. आपल्याकडील आरोग्यपत्रिकांची क्रियापदे पाहावीत : 'तपासणी करून घ्यावी', 'घाबरून जाऊ नये', 'डॉक्टरांचा सल्ला घ्यावा'. या विध्यर्थात सांगणारा कोणी नाही आणि ऐकणारीही कोणी नाही. गाठ हाताला लागल्यावर ती गोष्ट घरात प्रथम कोणाला सांगावी, हा प्रश्न या व्याकरणात मांडताच येत नाही.

लॉर्ड यांचे लेखन सर्वत्र सारखे कसदार नाही. आजाराच्या कारणांविषयीचा भाग प्रचारकी वळणाचा आहे. कृत्रिम स्तन स्वीकारणाऱ्या स्त्रियांच्या धैर्याचा त्या आदराने उल्लेख करतात. पण त्या निवडीला त्या मौन व अदृश्यता यांच्याशी एका दमात जोडतात, आणि तेथे न्यायनिवाडा नकळत होऊनच जातो. स्वतःसाठी, स्वतःच्या आरशासाठी ती निवड करणारी स्त्री त्यांच्या मांडणीत मावत नाही.

या दृष्टीने 'अ बर्स्ट ऑफ लाइट' (१९८८) अधिक व्यामिश्र आहे. १९८४ साली कर्करोग यकृतात पसरल्याचे निदान झाले. 'रिकव्हरी' या शब्दाला आता आधार उरला नव्हता. शीर्षकलेखाचे उपशीर्षकच कर्करोगासह जगण्याविषयी आहे. लॉर्ड यकृताची सुई-तपासणी नाकारतात, ग्रंथ चाळतात, स्वित्झर्लंडमधील आर्लेसहाइम येथे जाऊन वनस्पतिजन्य उपचार घेतात. त्या उपचाराने कर्करोग बरा होतो हे वैद्यकशास्त्रात सिद्ध झालेले नाही. सल्ला म्हणून हा मजकूर कोणाच्या हाती देता येणार नाही. त्याचे मोल वेगळे आहे. अपुऱ्या माहितीवर, भीती बाजूला न सारता, निर्णय कसा घेतला जातो आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा कसा तपासला जातो, हे या तारीखवार नोंदींतून दिसते. पहिल्या पुस्तकात निष्कर्षाकडे धावणारे वाक्य येथे अनेकदा अर्ध्यावर थांबते, मध्येच व्याख्यानदौरे आणि दक्षिण आफ्रिकेतील बातम्या येतात, आणि पुढची नोंद कधी कधी फक्त वेदनेची असते.