पाहिलेला डोडो, उतरवलेला डोडो

मॉरिशसला जाऊन आलेल्या माणसाच्या सामानात एखादा तरी डोडो निघतोच. किल्ल्यांच्या साखळीला लटकणारा, टी-शर्टावर छापलेला, नाहीतर लाकडात कोरलेला. ढेरपोट्या, आखूड पायांचा, चेहऱ्याने जरासा बावळट. त्या देशाच्या राजचिन्हावरही डोडो आहे. पण आठवणवस्तूंवरच्या या गुबगुबीत डोडोचं गाव मॉरिशस म्हणता येणार नाही. त्याला घडवलं ते युरोपातल्या चित्रशाळांनी.

डच जहाजं 1598 मध्ये बेटावर उतरली. डोडो शेवटचा पाहिल्याची सर्वसाधारणपणे मान्य झालेली नोंद 1662 ची आहे. म्हणजे माणसाला हा पक्षी जिवंत पाहायला जेमतेम पासष्ट वर्षं मिळाली. एवढ्या काळात किती चित्रकारांनी तो समोर बसवून काढला असेल? एका हाताची बोटं पुरतील, असाच अंदाज करावा लागतो. बाकीच्यांनी एकमेकांची चित्रं उतरवली.

पाहून काढलेल्यांत पहिला मान ‘गेल्डरलँड’ जहाजाच्या रोजनिशीतल्या रेखाटनांचा. 1601 ते 1603 या सफरीतली ही रोजनिशी आज हेगच्या अभिलेखागारात आहे. रेखाटनं योरिस योस्टेन्स लार्ल याची मानली जातात. तो काही नामांकित चित्रकार नव्हे. पण त्याच्या रेषेत डोडो चालतो, मान वळवतो, आणि एका ठिकाणी मेलेला पडलेलाही दिसतो. त्याच पानांमध्ये मॉरिशसचा मोठ्या चोचीचा पोपट आणि तांबडी पाणकोंबडीही सापडते. दोन्ही जाती पुढे नामशेष झाल्या. रंगांचा थाट नसलेली ही रेखाटनं कुठल्याही तैलचित्रापेक्षा मोलाची आहेत.

थाट होता तो रूलांट साव्हरीकडे. प्रागमध्ये सम्राट दुसरा रुडॉल्फ याच्या पदरी राहिलेल्या या चित्रकाराने दहाएक चित्रांत तरी डोडो घातला. त्यातलं 1626 च्या सुमाराचं चित्र सर्वात गाजलं. ते पुढे जॉर्ज एडवर्ड्स या पक्षीचित्रकाराच्या हाती आलं, त्याने 1759 मध्ये ते ब्रिटिश म्युझियमला दिलं, आणि आज ते लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये आहे. त्यातला डोडो पाहिला की दिवाळीचा फराळ संपवून उठलेल्या माणसाची आठवण येते. साव्हरीने जिवंत डोडो पाहिला की पेंढा भरलेला, यावर वाद आहे. वाद नाही तो त्याच्या प्रभावाबद्दल. त्याचा पुतण्या यान साव्हरी याने 1651 मध्ये काढलेला डोडो ऑक्सफर्डच्या संग्रहालयात आहे. त्याच गावात लुईस कॅरोल राहत होता, आणि 1865 च्या ‘अ‍ॅलिस’मध्ये चित्रकार जॉन टेनिएलने डोडोला हातात काठी देऊन कायमचं लोकप्रिय करून टाकलं.

याहून मोठा घोटाळा शास्त्राने केला. 1865 मध्ये मॉरिशसच्या एका दलदलीत डोडोची हाडं सापडली. रिचर्ड ओवेन या नामवंत शरीरशास्त्रज्ञाने पुढच्याच वर्षी सांगाडा प्रसिद्ध केला, तो साव्हरीच्या चित्रातल्या बाह्यरेषेत हाडं बसवून! साहजिकच सांगाडाही बसका झाला. 1869 मध्ये ओवेननेच चूक सुधारून पक्ष्याला ताठ उभं केलं, पण तोवर पहिली आकृती सगळीकडे पोहोचली होती. डोडो एवढा स्थूल नसावा, हे अँड्र्यू किचनर यांनी हाडांवरून मांडायला 1990 चं दशक उजाडलं.

या सगळ्या गर्दीत एक चित्र वेगळं पडतं, आणि ते आपल्याकडचं आहे. जहांगीराला अनोळखी प्राणी-पक्ष्यांचं वेड होतं. 1612 मध्ये त्याच्या दरबारातल्या मुकर्रब खानाने गोव्याहून त्याच्यासाठी टर्की कोंबडा आणला आणि उस्ताद मन्सूरने तो रंगवला. ‘नादिर-उल-अस्र’ हा किताब मिळवलेल्या या चित्रकाराच्या नावे ओळखलं जाणारं, साधारण 1625 च्या सुमाराचं डोडोचं चित्र सेंट पीटर्सबर्गच्या संग्रहात आहे. अभ्यासकांचं लक्ष त्याकडे गेलं ते 1950 च्या दशकात. मधोमध डोडो, भोवती ट्रॅगोपॅन, पट्टकादंब, भटतीतर आणि एक छोटा हिरवा पोपट. भोवतालचे पक्षी आजही पाहता येतात आणि ते चित्रात हुबेहूब उतरले आहेत. मग मधल्याच्या बाबतीत हात चुकला असेल असं कशाला मानायचं? हा डोडो तपकिरी आहे, साव्हरीच्या डोडोपेक्षा सडपातळ आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या पीटर मंडी याने सुरतेत मॉरिशसहून आणलेले दोन डोडो पाहिल्याचं लिहून ठेवलं आहे, तेव्हा जिवंत पक्षी मोगली चित्रकारासमोर आला असणं अगदी शक्य आहे. डोडोचं सर्वांत विश्वासार्ह रंगीत चित्र हेच, असं म्हणायला हरकत नाही. तरी आपल्याकडच्या मुलांच्या पुस्तकांत साव्हरीचाच लठ्ठोबा छापला जातो.

चित्रावरून चित्र काढण्याची परिसीमा म्हणजे पांढरा डोडो. शेजारच्या रियुनियन बेटावर पांढरा डोडो होता, असं बराच काळ मानलं गेलं. पुरावा काय, तर सतराव्या शतकातली काही डच चित्रं, आणि प्रवाशांच्या मोघम वर्णनांशी घातलेली त्यांची सांगड. 1907 मध्ये वॉल्टर रॉथशील्ड यांनी नामशेष पक्ष्यांवरच्या आपल्या देखण्या ग्रंथात त्यालाही पान दिलं. रियुनियनवर डोडोचं एकही हाड मिळालं नाही. मिळाली ती शराटीच्या कुळातल्या एका पक्ष्याची.

एकोणिसाव्या शतकात पक्षी चितारण्याचं तंत्र पार बदललं. लंडनमध्ये राहणाऱ्या यान खेरार्ड क्यूलेमान्स या डच चित्रकाराने वॉल्टर बुलर यांच्या न्यूझीलंडच्या पक्ष्यांवरील ग्रंथासाठी (1873, दुसरी आवृत्ती 1888) शिळाछापाची चित्रं केली. त्यातली हुइया पक्ष्याची जोडी अप्रतिम आहे: नराची चोच आखूड, दणकट; मादीची लांब, बाकदार. पिसाचा पोत, डोळ्यातलं तेज, सारं काही. पण क्यूलेमान्स न्यूझीलंडला कधी गेलाच नाही. त्याच्यापुढे होती ती वाळवलेली कातडी. म्हणून त्याचे पक्षी सुरेख बसतात, पण लार्लच्या डोडोसारखे चालत नाहीत. शिवाय असे नमुने संग्राहकांना हवेच असत, आणि बुलर स्वतःही ते जमवत. हुइयाची शेवटची खात्रीची नोंद 1907 ची.

आज नामशेष पक्षी चितारण्याच्या कलेची सूत्रं पुराजीवशास्त्रज्ञांच्या हाती आहेत. ज्युलियन ह्यूम हे तर दोन्ही कामं स्वतः करतात, हाडं तपासतात आणि चित्रही रंगवतात. 2017 मध्ये डेल्फिन अँगस्ट आणि सहकाऱ्यांनी हाडांच्या सूक्ष्म रचनेवरून डोडोच्या वीण आणि पीसझडीच्या ऋतूंचा अंदाज बांधला. जुन्या वर्णनांत कुठे पिसं, कुठे नुसती लव का, याचा उलगडा त्यातून होऊ शकतो. ही नवी चित्रं अचूक आहेत, पण बरीचशी निर्जीव. स्नायू मोजून बसवलेले असतात, समोरच्या पक्ष्याने आपल्याकडे पाहिल्याची खूण नसते.

डोडोचा सर्वांत जवळचा जिवंत नातलग निकोबारी कबूतर आहे, हे 2002 मध्ये डीएनएवरून समजलं. हिरव्या-तांबूस झळाळीचा, मानेवर लांब पिसांची झूल असलेला हा पक्षी एलीझर अल्बिनने 1738 च्या ग्रंथात चितारला, आणि वीस वर्षांनी लिनियसने त्याला शास्त्रीय नाव देताना अल्बिनच्याच ग्रंथाचा हवाला दिला. आपल्या चित्रकारांनी पाहून काढावा, असा हा बेटावरचा पक्षी निकोबारच्या जंगलात अजून आहे.