आज्ञापत्रातील आरमार-प्रकरण : साहाय्यक नौकांच्या दृष्टीने पुनर्वाचन

प्रस्तावना :
रामचंद्रपंत अमात्य यांच्या नावे प्रसिद्ध असलेले 'आज्ञापत्र' परंपरेने इ.स. १७१६ चे मानले जाते. त्यातील आरमार-प्रकरणाचा उल्लेख आपल्याकडे वारंवार होतो. पण तो बहुधा समुद्रावरील सत्तेविषयीच्या एका सूत्रवजा विधानापुरताच. वस्तुतः हे प्रकरण गौरवपर नसून नौकांची निवड, बांधणी व जपणूक यांचे व्यवहारशास्त्र आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

गुराब आणि गलबत :
दर सुभ्यास ५ गुराबा व १५ गलबते असे प्रमाण आज्ञापत्र सांगते. वाऱ्याविना निरुपयोगी ठरणारी जहाजे करू नयेत, असेही बजावते. ही दोन विधाने एकत्र वाचली पाहिजेत. अठराव्या शतकातील इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याच्या वर्णनानुसार गुराबेच्या नाळेकडे समोर मारा करणाऱ्या तोफा असत. गलबत फार तर ७० टनांचे असे आणि त्यास ४० ते ५० वल्ही असत. वारा पडला की गलबते गुराबांना ओढून नेत. म्हणजे गलबत लढाऊ होते, तसेच साहाय्यकही होते. एका गुराबेमागे तीन गलबते, या प्रमाणाचे मर्म इथे उलगडते. केवळ तोफांची मोजदाद करणाऱ्या इतिहासलेखनास ते दिसत नाही.

लाकूड आणि छावणी :
आरमारासाठी सागवान परवानगीने तोडावे. आंबा-फणसास मात्र हात लावू नये, कारण ती झाडे वर्षा-दोन वर्षांत वाढत नाहीत, हा आदेश अलीकडे पर्यावरणविचार म्हणून गौरविला जातो. त्यामागे रयतेचे दुःख व राज्याचे हित यांचा हिशेब आहे, हे विसरता कामा नये. पावसाळी छावणीचा नियमही असाच सूक्ष्म आहे: सर्व आरमार एकाच ठिकाणी ठेवू नये, रात्री पाण्यातून व जमिनीवरून गस्त घालावी. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाखाली तुळाजी आंग्रे यांचे आरमार एकत्र बांधलेले असताना एका जहाजास लागलेली आग सर्वत्र पसरून ते भस्मसात झाले. तो प्रसंग छावणीचा नव्हे, युद्धाचा होता. तथापि एकवटलेल्या आरमाराचा धोका आज्ञापत्रकाराने चाळीस वर्षे आधी ओळखला होता, हे त्यातून स्पष्ट होते.

मर्यादा :
या प्रकरणाची दृष्टी राज्यकर्त्याची आहे. वल्ही मारणारे हात व तक्ते जोडणारा सुतार यांच्या कौशल्यास त्यात स्वतंत्र स्थान नाही. ही उणीव स्थळाच्या अभ्यासाने काही अंशी भरून काढता येते. विजयदुर्गानजीक वाघोटण खाडीतील गिर्ये येथे खडक फोडून केलेली गोदी ही त्या श्रमांचीच साक्ष होय.

निष्कर्ष :
नौकेचा इतिहास युद्धनौकेपुरता नाही, याचे याहून प्राचीन प्रमाण नाशिकमध्येच आहे. पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याने दमण, तापी, डहाणू इत्यादी नद्यांवर विनामूल्य तरी ठेवल्याची नोंद कोरलेली आहे. तिथे नौका हे दान आहे, आज्ञापत्रात ते राज्याचे अंग आहे. दोन्हीकडे महत्त्व आहे ते तिच्या उपयोगाला. आरमाराचे मूल्यमापन करताना हाच निकष लावल्यास आज्ञापत्र सुभाषितांच्या वहीतून बाहेर येऊन साधनग्रंथ म्हणून वाचले जाईल.